गट नंबर नसलेले पाणी



गेल्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका वस्तीत विहाराच्या ओट्यावर आम्ही बीपी तपासायला बसलो होतो. रविवार होता. वंदना झाली आणि बायाबापे रांगेने येऊ लागले. एक आज्जी आल्या. गोळ्यांची पाकिटे पदराला बांधून आणलेली. मशीनचा आकडा बघून आम्ही नेहमीचे बोललो, "आज्जी, गोळी चुकवता का? मीठ कमी करा, लोणचं-पापड सोडा."

आज्जी जरा रागानेच म्हणाल्या, "सिस्टर, गोळी रोज घेत्ये. लोनचं तर वरीस झालं सोडून. भाजीत मीठ घालत न्हाई म्हनून सून बोलती. आता अजून काय सोडू? पानी सोडू?"

त्यांनी समोर तांब्या ठेवला. आम्ही एक घोट घेतला. मचूळ पाणी! वस्तीतल्या हापशाचे होते. नळाला पाणी येते, पण दिवसाआड येते आणि शेवटच्या गल्लीपर्यंत पोचेतो बारीक होते. म्हणून नळाचे पाणी पाहुण्याला आणि हापशाचे घरच्यांना, अशी त्या घराची वाटणी. आज्जींनी पुढे सांगितले, ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाचे दूध कधीकधी फाटते.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला, वॉर्डात वर्षे काढली, नंतर नोकरी सोडून वस्त्यांमधून फिरायला लागलो. एवढ्या वर्षांत हजारो लोकांना "मीठ कमी करा" म्हणून सांगितले असेल. "पाणी कुठले पिता?" हे बीपीच्या रुग्णाला एकदाही विचारले नव्हते. हा लेख त्या चुकीतून आला आहे.

शेतातले मीठ वस्तीत कसे येते

शिरोळ तालुका म्हणजे पाण्याचा तालुका. कृष्णा येते, पंचगंगा येते, नरसोबाच्या वाडीला दोघींचा संगम होतो. राधानगरी धरणाचे काम शाहू महाराजांनी सुरू केले, पुढे आणखी धरणे झाली, नदीवर बंधारे झाले, उपसा योजना झाल्या आणि काळ्या रानात बारमाही ऊस उभा राहिला. ह्या उसावर तालुका पोसला. आपल्यातलेही कितीतरी जण ऊसतोडीला, भांगलायला, लावणीला जाऊन त्याच उसावर जगले. त्यामुळे उसाला शिव्या घालण्यासाठी आम्ही लिहीत नाही. हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे.

उसाला वर्षाकाठी साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरू. एका एकरावर एवढे पाणी एकदम उभे केले तर माणूस त्यात बुडेल. ते होते सुमारे ८० लाख लिटर. पाणी कितीही गोड लागले तरी त्यात थोडे क्षार असतातच. समजा लिटरमागे फक्त पाव ग्रॅम आहेत. ८० लाख लिटरांत पाव-पाव ग्रॅम म्हणजे दोन हजार किलो. दरवर्षी, दर एकरात, पन्नास किलोची चाळीस पोती क्षार! पीक पाणी पिते, ऊन पाणी उडवते, क्षार मात्र कुणी पीत नाही आणि ते उडतही नाहीत. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला जसा पांढरा थर धरतो तसेच हे.

गगनबावड्याकडे जोराचा पाऊस पडतो, तिथे क्षार धुऊन जातात. शिरोळला पाऊस त्या मानाने फार कमी. शिवाय काळी चिकण माती, तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. मोकाट पाणी देत राहिले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर येते. ती मुळांपर्यंत आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी मातीतून वर चढते, उन्हाने उडते आणि वर पांढरी पापडी राहते. ही क्षारपड जमीन. त्यातले सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसले की जमीन चोपण होते. ओली असताना चिखल, वाळली की दगड. तालुक्यात अशी हजारो एकर जमीन आहे हे आता सगळेच मान्य करतात.

आता आपली वस्ती कुठे असते ते आठवा. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, सखल जागी. ती जागा आपण निवडलेली नव्हती. पाणी उताराने जाते, आणि जमिनीखालचेही पाणी उतारानेच जाते. वरच्या रानातले क्षार, वरच्या रानातला युरिया, गावाचे सांडपाणी, हे सगळे मुरत मुरत जिकडे येते तिकडे आपला हापसा आहे. हे आम्ही भावनेने बोलत नाही. भूगोलाच्या मास्तरांना विचारले तरी तेच सांगतील.

शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते

हे शास्त्र नवीन नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात बारामतीकडे वाहू लागले आणि काही वर्षांत तिथली चांगली जमीन पांढरी पडली. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासोबत त्या जमिनी तपासल्या आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अहवाल छापला. कालव्याच्या पाण्याने भूजल वर आले, खालचे क्षार वर चढले, निचरा केल्याशिवाय उपाय नाही, असा त्याचा रोख होता. म्हणजे शिरोळच्या रानात ऊस उभा राहण्याच्या कितीतरी आधी ह्या रोगाचे निदान लिहून ठेवलेले होते. निदान कागदावर आणि रोगी तसाच पडलेला, हे वॉर्डात आम्ही पाहिले आहे. धोरणातही तसेच होते हे नंतर कळले.

शिरोळमध्ये अलीकडच्या वर्षांत त्यावर मोठे काम झाले. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने कृष्णाकाठच्या अनेक गावांत शेतकरी एकत्र आले, संस्था केल्या, कर्जे काढली आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइपांची जाळी टाकली. पाइप तीन-चार फूट खोल असतात. जादा पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार पाइपात उतरतात, मोठ्या पाइपाला मिळतात आणि रानाबाहेर पडतात. जिथे कुसळही उगवत नव्हते तिथे पुन्हा ऊस, गहू, भाजीपाला आलेला लोकांनी पाहिला आहे. एकट्याने हे करता येत नाही, कारण शेजाऱ्याचे पाणी आपल्या रानात येतच राहते. सगळ्या शिवाराने मिळून करावे लागते. शास्त्राप्रमाणे वागले की काय होते याचा हा चांगला दाखला आहे, आणि तो द्यायला आम्हाला कसलाही संकोच नाही.

आमचा प्रश्न पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी आहे. रानातून निघालेले ते पाणी ओढ्यात जाते, ओढा नदीला जातो. ओढ्याच्या काठी कोण कपडे धुते, कुणाची पोरे डुंबतात, कुणाच्या शेळ्या पाणी पितात?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात असाच प्रकार झाला होता. सॅन होआकिन खोऱ्यातल्या शेतांखालून निचऱ्याचे पाणी गोळा करून ते केस्टरसन नावाच्या तळ्यात सोडले गेले. रान सुधारले. १९८३ मध्ये मात्र त्या तळ्यावरच्या पाणपक्ष्यांची पिले विकृत जन्माला येऊ लागल्याचे शास्त्रज्ञांना दिसले. मातीतले सेलेनियम नावाचे द्रव्य निचऱ्यातून तळ्यात साचले होते. १९८६ मध्ये तो निचरा कालवा बंद करावा लागला. आपल्या मातीत तेच आहे असे आम्ही म्हणत नाही. पाइपाच्या तोंडाशी काय बाहेर पडते ते मोजायला हवे, एवढेच म्हणतो. जमीन सुधारण्याला सरकारी पैसा मिळायचा असेल तर निचऱ्याच्या तोंडाचे आणि त्याखालच्या हापशांचे पाणी वर्षातून दोनदा तपासणे ही अट त्यात असलीच पाहिजे.

"नमुना कुणाच्या नावावर?"

आज्जींच्या तांब्यातले पाणी बाटलीत भरून आम्ही एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. "गट नंबर?" म्हणाले. आम्ही म्हटले, माती नाही, पाणी आहे, वस्तीच्या हापशाचे. "मग खातेदाराचं नाव सांगा. नमुना कुणाच्या तरी नावावर लागतो." वस्तीतल्या कुणाचे नाव सातबाऱ्यावर आहे? बऱ्याच वेळाने कळले की आम्ही चुकीच्या टेबलावर उभे होतो, पाण्याची प्रयोगशाळा वेगळी. साहेबांचा दोष म्हणावा तर तेही फॉर्मप्रमाणेच बोलत होते.

पण तो फॉर्म डोक्यातून जाईना. २०१५ पासून केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना आहे. शेतकऱ्याच्या मातीचे बारा गुणधर्म तपासून कार्ड मिळते. सामू किती, क्षार किती, नत्र-स्फुरद-पालाश किती. चांगली योजना. त्यात मातीतल्या क्षारांचा आकडा सरकारदरबारी नोंदला जातो. त्याच रानापासून दोनशे पावलांवर आपल्या बायका त्याच क्षारांचे पाणी पितात, पण ज्याला जमीन नाही त्याला कार्ड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ती विहीर वस्तीच्या बाजूला असेलच असे नाही. धोरण आकड्यांवर चालते. ज्या पाण्याचा आकडाच नाही ते पाणी धोरणाला दिसत नाही, आणि ते पिणारेही दिसत नाहीत.

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला गेला, हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. बाबासाहेबांचे पाण्याशी नाते तिथे संपत नाही, हे मात्र कमी सांगितले जाते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत आणि १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगात त्यांचा मोठा वाटा आहे. नदीचे खोरे एक समजून नियोजन करा, प्रांताच्या हद्दीवर तुकडे पाडू नका, असा त्यांचा आग्रह होता. शिरोळला आज नेमके तेच लागते. पंचगंगेत वरून शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी येते, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो, शेतांचा निचरा ओढ्यांतून येतो. शेती खाते माती बघते, प्रदूषण मंडळ नदी बघते, ग्रामपंचायत नळ बघते. हापसा त्या तिघांच्या मध्ये पडतो.

अंगावर काय येते

आता आरोग्याचे, कारण हे पान त्यासाठीच आहे.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, सन २०१२ चे. त्याप्रमाणे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. उन्हाळ्यात रानात राबणारी बाई तीन-चार लिटर पाणी सहज पिते. २००० च्या पाण्यातून तिच्या पोटात सहा ते आठ ग्रॅम क्षार जातात. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. इथे लगेच घाबरू नका, कारण पाण्यातले सगळे क्षार म्हणजे खायचे मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असते आणि ते बीपीला वाईट नाही. वाईट आहे ते सोडियम. म्हणून नुसता एकूण आकडा पुरत नाही, सोडियम वेगळे मोजून घ्यावे लागते.

बांगलादेशात समुद्राकाठी खुलना जिल्ह्यात दाकोप नावाचा भाग आहे. तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास झाला. पिण्याच्या पाण्यात मीठ जितके जास्त, तितके गरोदरपणात बीपी वाढण्याचे आणि झटके येण्याच्या आधीच्या आजाराचे प्रमाण जास्त आढळले. तिथे समुद्राचे पाणी आत शिरते, इथे पाटाचे पाणी क्षार वर आणते. कारण वेगळे असले तरी तांब्यात येणारे खारटपण शरीराला सारखेच. तेव्हा ज्या घरात गरोदर बाई आहे, बीपीचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्या घराने पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचेच पाणी ठेवावे. हापसा धुण्याभांड्याला. आणि हा लेख वाचून कुणी बीपीची गोळी बंद करू नये. पाणी बदलले तरी गोळी डॉक्टरांना विचारूनच कमी करायची.

दुसरे नायट्रेट. ह्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र अशी आहे. एकराला १६० किलो, म्हणजे युरियाची जवळजवळ आठ पोती. सगळे नत्र पीक घेत नाही. उरलेले पाण्याबरोबर खाली जाते आणि नायट्रेट होऊन भूजलात मिसळते. संडासाचे शोषखड्डे हापशाजवळ असतील तर तेही त्यात भर घालतात.

ह्या नायट्रेटची गोष्ट आम्हाला फार शिकवून गेली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शेतवस्तीवरची तान्ही बाळे यायची, ओठ निळे, नखे निळी. हृदय ठीक, फुप्फुस ठीक. मग कुणीतरी घरचे पाणी तपासले. बाळांच्या दुधात मिसळले जाणारे पाणी शेतातल्या उथळ विहिरींचे होते आणि त्यात नायट्रेट भरपूर होते. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. १९४५ मध्ये कॉम्ली यांनी हे छापले. मग देशभरातून अशा बाळांच्या नोंदी आणि त्यांच्या विहिरींचे आकडे गोळा झाले, १९५१ मध्ये ते एकत्र मांडले गेले, आणि लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा १९६२ मध्ये अमेरिकेच्या मानकात बसली. आज आपल्या आयएस १०५०० मध्येही नायट्रेटची मर्यादा ४५ च आहे, आणि तिच्यात सूट नाही. म्हणजे एका दवाखान्यातल्या निळ्या बाळांपासून आणि गरीब शेतकऱ्यांच्या विहिरींपासून निघालेला आकडा कायद्यात जाऊन बसला. केसपेपरवर "पाणी कुठले?" हे लिहिले गेले म्हणून हे झाले. आमच्या केसपेपरवर ती ओळच नव्हती. आता आम्ही ती घातली आहे.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्या, वरचे पाणी थेंबभरही नको, असे आम्ही सांगतो त्याला हे आणखी एक कारण. आईचे दूध पिणारे बाळ ह्यातून बरेचसे वाचते. बाळाचे ओठ-नखे निळसर दिसली तर अंगारा-धुपारा करत बसू नका, थेट मोठा दवाखाना गाठा आणि घरी कुठले पाणी वापरता ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि एक फार मोठा गैरसमज. "आम्ही पाणी उकळून पितो, आम्हाला काय होतंय?" उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि नायट्रेट मरत नाहीत. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतात. तुरटी फिरवून, कपड्याने गाळूनही ते जात नाहीत. आरओ मशीनने कमी होतात, पण मशीन विकणारे पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून घाबरवतात तेव्हा लक्षात ठेवा, तो मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. त्याला जंतू दिसत नाहीत, नायट्रेट वेगळे दिसत नाही. मीटरवर आकडा छान आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही.

जंतूंचे वेगळे. २०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. ती हिपॅटायटिस ई ची कावीळ होती, मैला मिसळलेल्या पाण्यातून येणारी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही कावीळ बाईच्या जिवावर उठते. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथेही उपयोगी पडले ते पाण्याचे नमुने आणि अहवालच. पुराच्या वर्षांत, २००५, २०१९, २०२१, शिरोळच्या गावांना पाण्याने वेढले तेव्हा पूर ओसरल्यावर हापसे उपसून, टीसीएल टाकून मगच वापरायचे हे आपण शिकलो. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळते. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळावर ती टेस्ट करून दाखवा, असा आग्रह धरा. टाकीखालच्या नळावर करून उपयोग नाही.

मागायचे काय

राज्यात गावच्या पाण्याच्या स्रोतांना कार्डे देण्याची पद्धत आहे. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. ग्रामपंचायतीत जाऊन पहिला प्रश्न हा विचारा की आमच्या वस्तीचा हापसा त्या यादीत आहे का. नसेल तर आधी तो यादीत घालून घ्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवायचे ठरलेले आहे. त्या पाचजणी कोण आहेत? त्यात आपल्या वस्तीतली एकतरी असायला हवी. नाव कागदावर आणि किट कपाटात असेल तर ग्रामसभेत विचारा. तिथे उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात तपासणीचे अहवाल मागा.

उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला होता. रानातून चालताना अजूनही मोकाट पाणी दिसते. ह्या विषयावर शेतकरी आणि शेतमजूर एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा आम्हाला वाईट वाटते, कारण जादा पाणी आणि जादा युरिया दोघांच्याही विरुद्ध आहे. त्याचे रान जाते आणि आपले पाणी जाते. आपल्यातल्या ज्यांच्याकडे वतनाची किंवा गायरानाची थोडी जमीन आहे, त्यांनी निचऱ्याच्या योजनेत आपला गट येतो का हे जरूर बघावे. कर्जाच्या भीतीने बाजूला राहिले तर शेजाऱ्याची जमीन सुधारते आणि आपली तशीच राहते.

नमुना भरायची रीत थोडक्यात सांगतो. क्षार आणि नायट्रेटसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. हापसा पाच मिनिटे मारून जुने पाणी काढून टाकायचे, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची. बाटलीवर तारीख, वेळ, हापसा नेमका कुठे आहे ते लिहायचे. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच घ्यायची, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. वर्षातून दोनदा भरा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर. दोन्ही अहवाल विहारात एका वहीत डकवून ठेवा. कार्यालयातली फाइल हरवते, विहारातली वही हरवत नाही.

त्या आज्जींच्या हापशाची बाटली आम्ही शेवटी बरोबर टेबलावर पोचवली. अहवाल आला. एकूण क्षार ५०० च्या कितीतरी वर, नायट्रेटही मर्यादेच्या बाहेर. सोडियम तपासलेच नव्हते, कारण आम्हीच फॉर्मवर लिहायला विसरलो. म्हणजे आज्जींच्या बीपीत पाण्याचा वाटा किती, हे आजही आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. त्यांच्या सुनेने आता पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी कळशी केली आहे, नळ आला की ती पहिली भरली जाते. ग्रामपंचायतीने हापशावर लाल पट्टा मारला आहे. ऑक्टोबरमध्ये दुसरी बाटली भरायची आहे. ह्या वेळी फॉर्मवर सोडियम लिहायचे आहे, आणि हापसा आपण स्वतः मारणार म्हणून आज्जींनी आत्ताच सांगून ठेवले आहे.